कापलेली रानमोडी दर पावसाळ्यात परत का येते: कारण कसे शोधावे आणि काम कुठे थांबवावे

लक्षणे

डिसेंबरात पैसे मोजून इमारतीमागचा उतार साफ करून घेतला, मे महिन्यापर्यंत तो उघडाबोडका राहिला आणि जुलैच्या मध्यावर तिथे पुन्हा गुडघाभर हिरवा पाला उभा राहिला, ही तक्रार मी आता इतक्या वेळा ऐकली आहे की पुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असते: "माळ्याने काम नीट केले नाही." गोरेगाव, कांदिवली, बोरिवली, भांडुप आणि मुलुंड या भागांत डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये हा प्रकार दरवर्षी घडतो. आमच्या संस्थेच्या बागेची जबाबदारी अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि आमचा उतार एकदाचा ताब्यात आल्यानंतर शेजारच्या चार संस्थांतही मी हाच दोष शोधून दिला आहे. दोष बहुतेक वेळा माळ्याचा नसतो. तो कापणीच्या महिन्यात असतो, जमिनीत राहिलेल्या बुडख्यात असतो किंवा कापल्यानंतर रिकाम्या सोडलेल्या जमिनीत असतो.

हे झुडूप कसे दिसते ते आधी सांगतो. पाने समोरासमोर जोडीने येतात, आकाराने त्रिकोणी असतात, त्यांच्या कडा दातेरी असतात आणि देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. खोड गोल व बिनकाट्याचे असते आणि फांद्याही जोडीजोडीने, खोडाशी जवळजवळ काटकोन करून फुटतात. मोकळ्या जागी झुडूप दोन ते तीन मीटर उंच होते आणि शेजारी झाड असेल तर त्याचा आधार घेऊन त्याहूनही वर चढते. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांना फिकट जांभळट किंवा पांढुरक्या फुलांचे झुपके येतात. वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली असली तरी सूर्यफुलासारखी पाकळ्यांची चक्री तिला नसते. नुसत्या बारीक नळ्यांचा आणि त्यातून बाहेर आलेल्या धाग्यांचा पुंजका दिसतो. जानेवारी-फेब्रुवारीत कापसासारखे तंतू हवेत उडू लागतात आणि खिडक्यांच्या जाळ्यांत अडकतात. मे महिन्यात वाळलेल्या काड्यांचा गुंता उरतो.

झुडूप परत कसे येते, हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तिकडेच कोणी पाहत नाही. जुन्या जागीच एकाच ठिकाणाहून पाच-दहा जाड फुटवे गुच्छाने वर आले असतील तर तो एक दोष. उतारभर एकेकटी, बोटभर उंचीची, नाजूक रोपे पसरलेली असतील तर तो दुसरा दोष. फक्त कुंपणालगत किंवा पायवाटेच्या कडेने पट्टा उगवला असेल तर तिसरा. या तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत, आणि सरसकट पुन्हा कापून घेणे हा त्यांपैकी एकावरही इलाज नाही.

पहिली तपासणी: ती खरोखर रानमोडीच आहे का

या तपासणीला खर्च काहीच नाही आणि तरीही ती सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. मुंबईच्या उतारांवर रानमोडीच्या शेजारी तिच्यासारखी भासणारी इतर झुडपे असतात. घाणेरीचे खोड चौकोनी आणि काटेरी असते, पान खरखरीत असते आणि फुले रंगीत असतात. तिला उपटण्याची पद्धत वेगळी, कारण काट्यांमुळे साधे हातमोजे पुरत नाहीत. जंगली तुळस म्हणतात त्या झुडपाचे खोडही चौकोनीच असते. ओसाडीची फुले रानमोडीशी मिळतीजुळती असतात आणि तीही याच कुळातली आहे, पण ती कमरेच्या वर सहसा जात नाही आणि पावसाळ्यानंतर आपणहून मरते. गाजर गवताची पाने कोथिंबिरीसारखी चिरलेली असतात. खोड बोटांत फिरवून पाहावे, पान उलटे करून तीन शिरा पाहाव्यात, वास घ्यावा. एवढे पुरेसे आहे.

ओळख पक्की करण्याचे कारण असे की याच उतारांवर आपल्याला हवी असलेली झुडपेही वाढत असतात. एका संस्थेत सफाईच्या नावाखाली कुडा, करवंद आणि निर्गुडी यांचा चांगला वाढलेला पट्टा रानमोडीबरोबर सपाट झाला. पुढच्या पावसाळ्यात त्या मोकळ्या जागेवर रानमोडी पूर्वीपेक्षा दाट आली, कारण तिला अडवून धरणारे जे होते तेच आपण काढून टाकले होते.

नावाबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांत ही वनस्पती युपाटोरियम ओडोरॅटम या नावाने सापडते. १७५९ मध्ये लिनियसने दिलेले ते नाव. १९७० मध्ये तिला क्रोमोलीना या प्रजातीत हलवण्यात आले, म्हणून आता तिचे शास्त्रीय नाव क्रोमोलीना ओडोराटा आहे. दोन्ही नावे एकाच झुडपाची आहेत. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, आणि एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली गेली. शोभेसाठी आणलेल्या वनस्पती कुंपण ओलांडतात, हा धडा आपण वेडेलियाच्या पिवळ्या फुलांच्या बाबतीतही अजून शिकतोच आहोत.

दुसरी तपासणी: एक झुडूप उपटून मूळ पाहावे

पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्यावर, माती ओली असताना, उताराच्या वेगवेगळ्या भागांतून पाच झुडपे मुळासकट काढावीत. पाचच पुरेत. एकच काढले तर चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, कारण एकाच उतारावर वर एक दोष आणि खाली दुसरा असणे सामान्य आहे.

मुळे फार खोल नसतात; बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरलेली असतात. म्हणून ओल्या मातीतून हे झुडूप आश्चर्य वाटावे इतक्या सहज निघते. ते निघाल्यावर खोड जिथे जमिनीत शिरते तिथली जागा पाण्याने धुऊन पाहावी. तिथे आवळ्यापासून नारळापर्यंत कोणत्याही आकाराची लाकडी गाठ दिसली, तिच्यावर जुन्या कापांचे काळपट खुंट दिसले आणि त्यांच्या बाजूने नवे फुटवे आलेले दिसले, तर ते झुडूप नवे नाही. ते गेल्या वर्षीचेच, किंवा पाच वर्षांपूर्वीचेच आहे. रानमोडीला वरून कापले की या गाठीतून, म्हणजे बुडख्यातून, ती पहिल्यापेक्षा जास्त फांद्यांनी फुटते. दर डिसेंबरात कापणारा माणूस नकळत तिची छाटणी करत असतो, आणि छाटणीने झुडूप दाट होते हे कोणताही माळी सांगेल. आमच्या उतारावर अशी एक गाठ निघाली होती तिच्यावर मी कापांचे सात थर मोजले होते. ती मी कार्यकारिणीच्या बैठकीत टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर कापणीऐवजी खणणीसाठी पैसे मंजूर करून घ्यायला मला दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलावे लागले नाही.

गाठ नसेल, मूळ धाग्यासारखे असेल आणि खोड पेन्सिलीपेक्षा बारीक असेल, तर ते रोप बियांपासून आलेले आहे. अशी रोपे हाताने उपटता येतात आणि त्यांना कुदळीची गरज नसते. पाचपैकी चार गाठीची निघाली तर पाचव्या आणि सहाव्या तपासणीकडे वळावे लागेल. चार बियांची निघाली तर तिसऱ्या आणि चौथ्या तपासणीतच उत्तर सापडते आणि खर्चही कमी येतो. मिश्र निघाली, तर आधी बियांचा प्रश्न सोडवावा, कारण नवे बी येत राहिले तर खणलेल्या जागाही पुन्हा भरतात.

तिसरी तपासणी: कापणीची तारीख

संस्थेच्या दप्तरात गेल्या तीन-चार वर्षांची बिले असतात. ती काढून फक्त तारखा पाहाव्यात.

मुंबईत या झुडपाला पावसाळा संपल्यानंतर, दिवस लहान होऊ लागल्यावर कळ्या धरतात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा फुलण्याचा मुख्य काळ, आणि जानेवारीपासून बी उडू लागते. एका मोठ्या झुडपावर हजारो बिया तयार होतात. बी चार-पाच मिलिमीटरचे, काळपट, टोकाला पांढऱ्या तंतूंची छत्री असलेले असते. आता बिलांवरच्या तारखा पाहिल्या तर त्या जवळजवळ नेहमी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या निघतात. याला कारणही साधे आहे: पावसाळ्यात उतारावर कोणी चढत नाही, दिवाळीनंतर माणसे मिळतात, आणि फुलांचे झुपके पाहून "जंगल माजले" असे लोकांना वाटू लागते तेही तेव्हाच. म्हणजे बी पिकलेले असताना झुडूप कापले जाते, ग्रास कटर मशीनच्या पात्याने ते फेकले जाते, मग गोण्यांतून सबंध आवारातून ओढत नेले जाते. आपण पैसे देऊन पेरणी करून घेतो.

आमच्या संस्थेने हीच चूक लागोपाठ तीन वर्षे केली, त्यातल्या दोन वर्षी माझ्याच सहीने. तिसऱ्या वर्षी ठेकेदाराने कापलेला ढीग मुलांच्या खेळाच्या जागेजवळ पंधरा दिवस पडू दिला, आणि पुढच्या जुलैत तिथल्या कुंड्यांतसुद्धा रानमोडी उगवली.

तारीख बदलणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. उपटण्याचे काम जुलै-ऑगस्टमध्ये, माती ओली असताना, पावसाची उघडीप पाहून करावे. ते शक्य नसेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कळ्या धरण्यापूर्वी, निदान कापून तरी घ्यावे. डिसेंबर उजाडला आणि फुले आली, तरी अजून तंतू सुटले नसतील तर फुलांचे झुपके आधी वेगळे खुडून गोणीत बांधावेत आणि मग उरलेले झुडूप काढावे. तंतू उडू लागल्यानंतर मात्र त्याला हात लावू नये. त्या वर्षीची संधी गेली असे समजावे.

काढलेल्या पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न लगेच येतो. कळ्या-फुले नसलेला पाला बारीक करून संस्थेच्या खतखड्ड्यात घालता येतो. फुलांचा किंवा बियांचा माल खतात घालू नये. तो बंद गोणीत भरून महापालिकेच्या कचरा विभागाकडे द्यावा. उघड्यावर पाला जाळण्यास मनाई आहे, आणि हे झुडूप वाळल्यावर भडकन पेट घेते, त्यामुळे उतारावर काडी लावण्याचा विचारही करू नये. आगीनंतर बुडख्यातून ते पुन्हा फुटतेच, मधली इतर झाडे मात्र जातात. गुरांना चारा म्हणूनही ते देऊ नये. एका सदस्याने सद्हेतूने जवळच्या तबेल्यात पाला पाठवण्याची सूचना केली होती. कोवळ्या पाल्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त असते आणि ते गुरांना बाधते, म्हणून ती सूचना तिथेच थांबवावी लागली.

चौथी तपासणी: बी येते कुठून

आपल्या आवारातले एकही झुडूप गेल्या हिवाळ्यात फुलले नव्हते, तरीही जुलैत बारीक रोपे आली, तर दोन शक्यता असतात. एक, ते बी आधीपासून मातीत होते. बहुतेक बी पहिल्याच पावसाळ्यात रुजते, पण थोडे मागे राहते आणि पुढच्या वर्षांत उगवते. म्हणून मी कोणालाही तीन पावसाळ्यांच्या आत काम पूर्ण झाल्याचे सांगत नाही. दुसरी शक्यता, बी बाहेरून येते आहे.

बाहेरून येण्याचे मार्ग पाहण्यासाठी फेब्रुवारीत एक सकाळ गच्चीवर उभे राहावे आणि आसपास पांढुरके झुपके कुठे दिसतात ते पाहावे. शेजारचा रिकामा भूखंड, पुनर्विकासासाठी अडकून पडलेली इमारत, रेल्वेच्या हद्दीतला उतार, नाल्याचा काठ या नेहमीच्या जागा आहेत. वाऱ्याने येणारे बी पूर्णपणे थांबवता येत नाही, पण त्या बाजूच्या कुंपणालगत दाट झुडपांची ओळ असली तर बरेचसे तिथेच अडकते. अडुळसा आणि निर्गुडी या कामी उत्तम; दोन्ही काडीपासून लागतात आणि दोन्हींना कोणी चोरत नाही, हा मुंबईत लहान गुण नव्हे.

माती हा दुसरा मार्ग, आणि तो सहज लक्षात येत नाही. बागेसाठी लाल माती मागवली जाते तेव्हा ती कोणत्या डोंगरावरून खरवडून आणली आहे हे कोणी विचारत नाही. फक्त नव्या वाफ्यांत रोपे उगवली असतील आणि जुन्या जमिनीत नसतील, तर दोष त्या डंपरमधून आला आहे. नवी माती वापरण्यापूर्वी एका कोपऱ्यात पसरून, पाणी मारून तीन आठवडे ठेवली की जे उगवायचे ते उगवते आणि हाताने काढता येते.

तिसरा मार्ग माणसांचा. बी कपड्यांना, पायमोज्यांना आणि झाडूला चिकटते. एका उतारावरून दुसऱ्या उतारावर जाणारे मजूर आणि त्यांची यंत्रे बी वाहून आणतात, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी यंत्र आपल्या फाटकाबाहेर झाडून घ्यावे असा माझा आग्रह असतो. त्यावर लोक हसतात. पायवाटेच्या कडेने उगवलेला पट्टा दाखवला की हसू थांबते.

पाचवी तपासणी: जमिनीवर ऊन किती पडते

इथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या अनुभवात कायमचा इलाज याच तपासणीतून निघतो आणि तो सुचवल्यावर लोकांचा उत्साह सर्वांत जास्त मावळतो.

रानमोडीच्या बियांना रुजायला उजेड लागतो आणि झुडपाला वाढायला ऊन लागते. दाट सावलीत ती टिकत नाही. आपल्या उतारावरचे जुने आंब्याचे, करंजाचे किंवा बेहड्याचे झाड पाहावे. त्याच्या घेराखाली ती विरळ, लांबुडकी आणि बिनफुलांची असते, आणि घेर संपतो तिथून पुढे भिंतीसारखी उभी असते. दुपारी बारा वाजता उतारावर उभे राहून ज्या जागी थेट ऊन पडते त्या जागांची साधी रेघ कागदावर ओढावी. तो कागद आणि रानमोडीचा पट्टा जवळजवळ तंतोतंत जुळतात.

याचा अर्थ असा की उतार स्वच्छ दिसावा म्हणून आपण तो मोकळा ठेवतो तेव्हा आपण रानमोडीसाठी जागा राखून ठेवत असतो. काढलेल्या जागेवर त्याच पावसाळ्यात काहीतरी लावलेच पाहिजे. पहिल्या वर्षी वाळलेल्या पानांचा चार बोटे जाडीचा थर पसरावा, म्हणजे बियांपर्यंत उजेड पोहोचत नाही. संस्थेत झाडलेली पाने कचऱ्याच्या गाडीत जाण्याऐवजी इथे वापरावीत, ती फुकट असतात. त्याबरोबर लवकर वाढणारी आणि सावली करणारी स्थानिक झाडे लावावीत: करंज, आपटा, कांचन, शिवण, आणि उतार खडकाळ असेल तर करवंदाची जाळी. दोन रोपांत तीन मीटरहून अधिक अंतर ठेवू नये, कारण मधली जागा भरायला झाडांना जितकी वर्षे लागतील तितकी वर्षे आपल्याला हाताने रानमोडी उपटावी लागते. रोपवाटिकेतला पुरुषभर उंचीचा माल उतारावर जगत नाही. हातभर उंचीचे रोप घ्यावे आणि जूनच्या शेवटी लावावे. गुलमोहर किंवा पेल्टोफोरम लावण्याचा आग्रह होतो, पण उथळ मातीच्या उतारावर ती झाडे वाऱ्यात पडतात, असे मी दोनदा पाहिले आहे.

फुलपाखरांचा मुद्दा एखादा सदस्य हमखास काढतो, आणि तो खोटा नाही. रानमोडीच्या फुलांवर ब्लू टायगर आणि क्रो जातीची फुलपाखरे झुंडीने येतात. तिच्यातली विशिष्ट अल्कलॉइडे नरांना हवी असतात. हीच द्रव्ये खुळखुळा आणि भुरुंडी या रानवनस्पतींतही असतात. उताराच्या उन्हाच्या कडेला खुळखुळ्याची ओळ लावली की फुलपाखरांची गैरसोय होत नाही आणि मुलांचीही नाही.

सहावी तपासणी: बुडखा खणून काढणे

दुसऱ्या तपासणीत गाठी निघाल्या असतील तर हे काम टळत नाही, आणि पैसे खरे इथे लागतात. आधी झुडूप गुडघ्याच्या उंचीवर कोयत्याने कापावे, म्हणजे धरायला खुंट राहतो. मग कुदळीने गाठीच्या चारी बाजूंची माती सैल करावी आणि पहारेने गाठ खालून उचलावी. गाठ पूर्ण निघाली पाहिजे. अर्धी राहिली तर तीन आठवड्यांत फुटवे येतात. निघालेल्या गाठी ओल्या मातीवर टाकू नयेत, कारण पावसात त्या पुन्हा मूळ धरू शकतात. त्या दगडावर किंवा पत्र्यावर मुळे वर करून वाळवाव्यात. खड्डा लगेच बुजवून पायाने दाबावा आणि त्यावर पानांचा थर द्यावा.

ठेकेदाराशी दर ठरवताना क्षेत्रफळावर ठरवू नये, काढलेल्या गाठींवर ठरवावा. क्षेत्रफळावर पैसे दिले की कोयता चालतो, गाठींवर दिले की कुदळ चालते. सहा आठवड्यांनी पुन्हा फेरी मारून फुटवे काढण्याचे कामही त्याच करारात लिहून घ्यावे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, बूट आणि जाड हातमोजे आवश्यक आहेत. काहींना या पाल्याने अंगावर पुरळ येते, फुलांच्या दिवसांत दम्याचा त्रास वाढतो. तशी लक्षणे दिसलेल्या माणसाने काम सोडावे आणि डॉक्टरांकडे जावे. काम सुरू करण्यापूर्वी लांब काठीने झुडपे बडवून घ्यावीत, कारण या गचपणात नाग आणि घोणस दोन्ही असतात. साप दिसला तर त्या दिवशीचे काम बंद करावे, सापाला मारू नये आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

तणनाशकाचा प्रश्न

सहा तपासण्या वाचण्यापूर्वीच बहुतेकांनी हा प्रश्न विचारलेला असतो. तणनाशकाने पाने करपतात आणि उतार महिनाभर मेलेला दिसतो, पण जुना बुडखा अनेकदा वाचतो आणि मातीतले बी तर वाचतेच. मुंबईच्या पावसात फवारलेले औषध उतारावरून नाल्यात आणि तिथून खाडीत जाते. ग्लायफोसेटच्या बाबतीत तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली आहे, त्यामुळे बाजारातून बाटली आणून माळ्याच्या हाती देणे हा मार्ग नाहीच. मीठ, डिझेल आणि स्नानगृह साफ करण्याचे ॲसिड हे तिन्ही घरगुती उपाय मी लोकांना करताना पाहिले आहेत. तिन्हींनी माती बिघडली आणि रानमोडी कडेने परत आली. या झुडपावर गाठ आणणारी एक माशी परदेशांतून आणून भारतात सोडण्यात आली आहे, पण ते संशोधन संस्थांचे काम आहे, सोसायटीच्या आवाक्यातले नाही.

इथे थांबावे

काही ठिकाणी पुढचे पाऊल आपण टाकू नये.

कुंपणापलीकडची जमीन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची किंवा वन विभागाची असेल तर तिथले एक पानही आपण तोडू नये, मग त्या झुडपांचे बी आपल्याकडे कितीही येत असो. संस्थेच्या पत्रावर वन विभागाला लेखी कळवावे. उद्यानाच्या कडेच्या भागात झुडपांचा आडोसा बिबट्याच्या उपयोगी पडतो, त्यामुळे अशा कडेला पहाटे किंवा संध्याकाळी एकट्याने काम करणे योग्य नाही.

रानमोडी एखाद्या मोठ्या झाडावर चढली असेल आणि ती काढताना झाडाची फांदी कापावी लागणार असेल, तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाखाली परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे, आणि "फक्त वेल काढत होतो" हे उत्तर चालत नाही. गॅसची नळी, विजेची केबल किंवा रोहित्र यांच्याजवळ पहार चालवू नये. संबंधित कंपनीला जागा दाखवायला बोलवावे.

सर्वांत गंभीर बाब उताराची. आपल्या डोंगरांवर बेसाल्ट खडकावर मुरूम आणि मातीचा पातळ थर असतो, आणि रानमोडीची मुळे कितीही उथळ असली तरी तो वरचा थर त्यांनीच धरून ठेवलेला असतो. उभ्या उतारावरून पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बुडखे एकदम खणून काढले तर तीच माती पहिल्या मुसळधार पावसात खाली येते. जुलै २०२१ मध्ये चेंबूर आणि विक्रोळी येथे भिंत आणि दरड कोसळून माणसे दगावली, हे अजून कोणी विसरलेले नाही. म्हणून उतार इतका उभा असेल की त्यावर हात न टेकता चालता येत नाही, तर तिथे खणू नये. संरक्षक भिंतीला आडवी भेग असेल, भिंत मधे फुगली असेल, तिच्यातल्या पाण्याच्या निचऱ्याच्या भोकांतून पाण्याऐवजी माती येत असेल, किंवा वरच्या जमिनीत भिंतीला समांतर चीर दिसत असेल, तर रानमोडीचा विषय तिथेच बाजूला ठेवावा आणि संरचना अभियंत्याला बोलवावे. भर पावसात माती सरकताना दिसली तर इमारतीचा तो भाग रिकामा करावा आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर लगेच कळवावे.

अभियंता येण्यापूर्वी भिंतीची पावसाळ्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे, निचऱ्याची किती भोके चालू आहेत त्याची नोंद आणि उतारावर शेवटचे खणकाम कधी झाले त्याचे बिल काढून ठेवावे. निचऱ्याच्या भोकांच्या तोंडाशी वाढलेली रानमोडी त्याने सांगितल्याशिवाय ओढू नये, कारण तिचे मूळ भोकाच्या आतपर्यंत गेलेले असते आणि ओढताना भिंतीचा दगड निघू शकतो. बाकीच्या पट्ट्यात ऑक्टोबरची मुदत जवळ आली असेल तर झुडपे फुलण्यापूर्वी वरून कापून घ्यावीत, आणि बुडखे अभियंत्याचा अहवाल हाती येईपर्यंत जमिनीतच राहू द्यावेत.